‘सेंटर’वरचे रविवार

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. चार माणसं दर आठवड्याला एकाच बाकड्यावर ताटकळत बसली, की ते आपोआप साठतात. माळ्यावर रिकामे डबे साठतात ना, तसे. कामाला येत नाहीत आणि फेकवतही नाहीत.

आमचं बाकडं होतं एका वृद्धांच्या निवासात. देऊळगाव राजाहून जालन्याकडे निघालं की रस्त्यापासून थोडं आत. गेटच्या आत पत्र्याचं शेड, शेडमध्ये बाकडं. भेटायचा वार रविवार. पण आतल्या मंडळींचं चहा-बिस्कीट आटोपल्याशिवाय तिथल्या मॅडम कोणाला पुढे सोडत नसत. तोवर आम्ही तिघं शेडमध्ये. वासुदेवभाऊ भाजीपाला पिकवणारे, त्यांची आई अनसूयाबाई आत. सुनंदाताई मेहकरच्या, निवृत्त शिक्षिका, त्यांचे मिस्टर आत. तेही शिक्षकच, म्हणून आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. आणि मी निर्मला, चिखलीच्या एका शाळेत लायब्ररी सांभाळते. माझे वडील आत.

माझे वडील, म्हणजे दादा, धामणगाव बढ्याचे टेलर. आई गेली, मग दादांचे गुडघे गेले, मग थोडं थोडं विसरायला लागले. मला भाऊ नाही. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, नवरा-बायको दोघंही नोकरीवर. "तळमजल्यावर घर भेटलं की नेते तुम्हाले," असं सांगून मी त्यांना इथं आणलं. तेव्हापासून दर रविवारी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "निमे, भेटलं का घर?" आणि माझं उत्तरही ठरलेलं, "पाहून राह्यली दादा."

हसू नका, पण त्या एका प्रश्नापायी मला शनिवारी रात्री जेवण जायचं नाही.

*

पहिला किस्सा वासुदेवभाऊंचा. आईला इथं ठेवलं खरं, पण गावात 'वृद्धाश्रम' म्हणायला त्यांची जीभ रेटेना. मग त्यांनी त्यातला 'वृद्ध' गाळून टाकला. कोणी विचारलं की सांगायचे, "माय आश्रमात हाय."

आता आपल्याकडे आश्रम म्हटलं की माणसाला एकच आठवतो, मेहकरजवळचा हिवरा आश्रम! नातेवाईक एकदम खूश. "अनसूयाबाईनं चांगलं केलं. म्हातारपणी देवाधर्माले लागली!" वासुदेवभाऊंचे मामा-मामी तर एक दिवस एसटीनं थेट हिवऱ्यालाच जाऊन पोहोचले. सोबत बहिणीच्या आवडीचे शेंगदाण्याचे लाडू. दिसेल त्याला विचारलं. तिथले लोक बिचारे चांगले, त्यांनीही शोधाशोध केली, वर दोघांना जेवू घातलं. पण नसलेली बाई सापडणार कुठून?

संध्याकाळी मामांचा फोन आला. "वासुदेवा, मायले कोन्या आश्रमात टाकलं बे तू?"

वासुदेवभाऊ हा किस्सा सांगताना इथपर्यंत हसवायचे. मग थांबायचे आणि म्हणायचे, "'ठेवलं' म्हनले असते त चाललं असतं, ताई. मामा 'टाकलं' म्हनले."

त्या दिवसापासून आम्ही सगळेच 'सेंटर' म्हणायला लागलो. माझी शेजारीण विचारते, "कशाचं सेंटर वो? परीक्षेचं का?" मी हो म्हणते. तेही काही अगदीच खोटं नाही.

*

सेंटरचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यावर रोज एक फोटो, खाली गुलाबाची फुलं, जोडलेले हात आणि 'आमचे आनंदी आजी-आजोबा!'

थंडी पडली आणि दादांचा फोटो आला. मरून रंगाचा छान जाड स्वेटर, गळ्यापर्यंत बटणं. मला इतकं बरं वाटलं! लगेच अंगठा पाठवला. मग अनसूयाबाईंचा फोटो आला, मरून स्वेटर. मग मास्तरांचा, मरून स्वेटर. मला वाटलं, वा! सेंटरनं सगळ्यांना युनिफॉर्मच शिवला की! ग्रुपवर मी लिहूनही टाकलं, 'खूप छान मॅडम, मनापासून आभार!' खाली लगेच सगळ्यांच्या टाळ्या.

रविवारी जाऊन पाहते तर दादा नुसत्या सदऱ्यावर, दोन्ही हात काखेत घालून बसलेले.

"दादा, स्वेटर कुठं हाय तुमचं?"

"ते फोटोचं हाय," दादा म्हणाले. "फोटो झाला की पुढच्याले घालतेत." आणि मग त्यांच्यातला टेलर जागा झाला. "मले खांद्यात उतरते. मास्तरले त बसतच नाही. मागून पिना मारतेत, समोरून दिसत नाही!"

मी चिखलीहून दिलेलं स्वेटर कपाटात होतं. कुलूप लावून. हरवू नये म्हणून!

मॅडमशी मी भांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून दादांच्या अंगात त्यांचं स्वतःचं स्वेटर दिसायला लागलं. भांडणाऱ्याच्या माणसाला स्वेटर मिळतं, हे मला तेव्हा कळलं. ज्यांचं कोणी भांडायला येत नव्हतं, त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही.

*

खरं सांगायचं तर मॅडम वाईट नव्हत्या. मूळच्या नाशिककडच्या, स्वभावानं कडक, पण औषधाची वेळ कधी चुकली नाही. माणसंच कमी. रेखा नावाची एक बाई होती, मोताळा तालुक्यातली, मोठ्या आवाजाची. ती एकटी कितीकांचं करणार? मग कामाचा सोपा मार्ग काढला जातो. आणि सोपा मार्ग कोणाच्या ना कोणाच्या डोक्यावरून जातो.

अनसूयाबाईंच्या बाबतीत तर शब्दशः! एका रविवारी वासुदेवभाऊ आत गेले, खोलीत बघितलं आणि परत बाहेर आले. "मॅडम, माय कुठी हाय?"

"खोलीतच आहेत की."

"तिथं त दुसरंच कोनी बसलं हाय."

आतून अनसूयाबाईंचा आवाज आला, "मीच हाय बे! ये इकडं!"

केस कापले होते. बारीक, पोरांचे कापतात तसे. धुवायला, विंचरायला वेळ जातो म्हणून. मॅडम म्हणाल्या, "हायजीनच्या दृष्टीनं तेच चांगलं असतं." विचारलं कोणी नव्हतं, ना आईला, ना मुलाला.

वासुदेवभाऊ संतापले. आवाज चढला. पण अनसूयाबाई काही रडल्या-बिडल्या नाहीत. त्यांची तक्रार वेगळीच होती. त्या सारखा डोक्यावर पदर घ्यायच्या आणि तो सारखा मागे पडायचा.

"पाह्य न," त्या मुलाला म्हणाल्या, "पदर थांबतच नाही. अंबाड्याचाच त आधार होता त्याले."

पुढच्या रविवारी वासुदेवभाऊ मेथीच्या जुड्यांसोबत चापपिनांचं पाकीट घेऊन आले. पण पीन लावायला केस तर पाहिजेत ना! ते पाकीट कित्येक दिवस त्यांच्या मोटरसायकलच्या डिकीत तसंच होतं.

*

अनसूयाबाईंचाच आणखी एक. मुलगा भेटून निघाला, की या पिशवी भरायच्या आणि गेटाशी जाऊन बसायच्या. जेवायला उठेनात. कारण काय? तर निघताना वासुदेवभाऊ म्हणाले होते, "येतो माय."

आता आपल्यात निघताना दुसरं काय म्हणतात? पण अनसूयाबाईंनी तो शब्द आहे तसा धरला होता. येतो म्हणाला म्हणजे येतो. आताच येतो.

मॅडमनी वासुदेवभाऊंना बोलावून घेतलं. "अहो, 'येतो' म्हणू नका. त्या दिवसभर उपाशी बसतात. सरळ 'जातो' म्हणा."

वासुदेवभाऊ म्हणाले, "मॅडम, जित्या मायसमोर 'जातो' कसं म्हनू?"

मग त्यांनी दोन्ही शब्द सोडून दिले. निघायची वेळ झाली की म्हणायचे, "माय, पानी पेतो जरासं." आणि तसेच गेटाबाहेर. अनसूयाबाई पिशवी भरायच्या नाहीत, गेटाशी बसायच्या नाहीत, वेळेवर जेवायच्या. मॅडम खूश झाल्या. फक्त रेखा सांगायची की दुपारभर म्हातारी विचारत राहते, "पोराले पानी भेटलं का नाही वो?"

*

मास्तरांना लकव्यानंतर बोलता येत नव्हतं. ते आले त्या आठवड्यातच मॅडमनी सुनंदाताईंना बाजूला घेऊन सांगितलं, "तयारी ठेवा. काहीच रिस्पॉन्स देत नाहीत."

"तुम्ही त्यांना काय म्हणून हाक मारता?" सुनंदाताईंनी विचारलं.

"सगळ्यांना म्हणतो तेच. गुड मॉर्निंग अंकल."

सुनंदाताई तडक खोलीत शिरल्या. पलंगासमोर गेल्या, शाळेत उभ्या राहायच्या तशा ताठ उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "जयभीम सर!"

मास्तरांचा चांगला हात हळूहळू पांघरुणातून वर आला आणि कपाळापर्यंत गेला. डोळे उघडले. रेखा तर ओरडलीच, "मॅडम! पाहा न, रिस्पॉन्स!"

"मेहकरात निम्मं गाव त्यायले असंच हाक मारते," सुनंदाताई म्हणाल्या. "अंकल कोन, हे त्यायले कसं कळन?"

इथं किस्सा संपला असता तर किती बरं झालं असतं! पण नाही. त्यानंतर सेंटरला कोणी पाहुणे आले की त्यांना आधी मास्तरांच्या खोलीत नेऊ लागले. "आमच्याकडे बघा, किती सुधारणा आहे! सर, जयभीम करा ना! पाहुणे आलेत! अजून एकदा!" कोणीतरी व्हिडिओ काढायचा. मास्तरांनी काही दिवस हात वर केला. मग एक दिवस केला नाही. मग कधीच केला नाही.

मॅडम म्हणाल्या, "रिस्पॉन्स परत बंद झाला." सुनंदाताई म्हणाल्या, "मॅडम, जयभीम द्यायचा असतो, घ्यायचा असतो. करून दाखवायचा नसतो."

तो हात नंतर सुनंदाताईंसाठीही वर आला नाही. याचं मात्र त्या शेडमध्ये बसून रडल्या. मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

*

आता थोडं हसा. काशीबाईंचा किस्सा ऐका.

काशीबाई बुलडाण्याच्या. मुलगा समीर पुण्यात, मोठ्या कंपनीत. सून पुण्याचीच, जन्म तिथला, शिक्षण तिथलं. समीर वाईट मुलगा नव्हता. व्हिडिओ कॉल करायचा, फळं पाठवायचा, ग्रुपवर सगळ्यात आधी टाळ्या त्याच्याच. फक्त यायचं जमत नव्हतं. काशीबाई मांडीचं हाड मोडून आलेल्या, पलंगावरून उठत नव्हत्या.

एका दुपारी काशीबाई वॉकर धरून स्वतःहून उठल्या आणि न्हाणीघराकडे चालायला लागल्या! रेखाला झाला आनंद. तिनं तिथूनच पुण्याला फोन लावला. समीर घरूनच मीटिंगमध्ये, फोन उचलला सुनेनं. रेखा आनंदानं रडत ओरडली, "म्याडम! काशीबाई जाऊन राह्यल्या वो! सायबाले सांगा, काशीबाई जाऊन राह्यल्या!"

आणि रेंज गेली, ती रात्रभर आलीच नाही.

आपल्याला कळतं, की चालत जात आहेत. पुण्याच्या कानाला काय कळणार? जाऊन राहिल्या म्हणजे गेल्याच!

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटरच्या दारात दोन गाड्या. समीर, सून, नातवंडं, सुनेचे आईवडील. बुलडाण्याहून चुलतभाऊ आलेला, त्याच्या हातात झेंडूचा भलामोठा हार. समीरचे डोळे सुजलेले. आणि अंगणात काशीबाई, वॉकर धरून, रेखासोबत तुळशीला फेरी मारून राहिलेल्या.

त्यांनी एवढी माणसं पाहिली आणि घाबरल्याच. "अगं बाई! सगळेच आले! कोन गेलं?"

काय सांगू महाराजा, समीर तिथंच आईच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. सून हसतही होती आणि रडतही होती. हार शेवटी तुळशीला घातला. दिवसभर सगळे थांबले, बाहेरून जेवण आणलं, फोटो काढले. काशीबाईंना एवढं बोलताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

निघताना सगळे पाया पडले. समीर म्हणाला, "आई, काळजी घे."

काशीबाईंनी त्याचा हात धरून ठेवला आणि अगदी सरळपणे विचारलं, "मंग आता पुन्हा कधी जाऊ मी?"

*

आता माझा. हा मी शेडमध्ये कोणाला सांगितला नाही.

घर मिळालं. चिखलीतच, तळमजल्यावर, मागे थोडी मोकळी जागा. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवून घेतल्या. दादांचा पलंग खिडकीजवळ लावला. आईचा फोटो त्यांना झोपून दिसेल असा टांगला. तोवर दादांचं विसरणं फारच वाढलं होतं. जेवले की नाही ते आठवायचं नाही, मास्तरांना ते गावाकडचे कोणी तात्या समजायचे. पण मला ओळखायचे. रविवारी आत पाऊल टाकलं की लांबूनच, "निमे, भेटलं का घर?"

सगळं लागलं आणि मला रविवारपर्यंत थांबवेना. शाळेत रजा टाकली, गाडी ठरवली आणि बुधवारीच निघाले. मॅडमना फोन केला होता. त्यांनी दादांची तयारी करून ठेवली. वाटेत मी ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं ते. ते विचारतील, भेटलं का, आणि मी म्हणेन, भेटलं!

दादा शेडमध्ये होते, आमच्याच बाकड्यावर. पांढरा सदरा, दाढी केलेली, पिशवी मांडीवर. मला पाहून त्यांनी घराचं विचारलं नाही. मीच म्हणाले, "चला दादा! घर भेटलं!"

त्यांनी वर पाहिलं. पिशवी थोडी जवळ ओढली.

"तुम्ही कोन?"

जन्मात ते मला 'तुम्ही' म्हणाले नव्हते.

"मी निमा, दादा."

"नाही," ते म्हणाले. रागानं नाही, समजावल्यासारखं. "निमा रविवारी येते. आज बुधवार हाय."

रेखा धावत आली. "काका, हीच तुमची निमा! नीट पाहा न!"

"मले येडं समजता का तुम्ही?" दादा रेखावर चिडले. मग माझ्याकडे वळून पुन्हा मऊ झाले. "तुम्ही चांगल्या घरच्या दिसता. पन मी तुमच्यासंग कसा येऊ? मी गेलो आन रविवारी माही पोरगी आली, त तिनं मले कुठी धुंडावं?"

ड्रायव्हरनं बाहेरून हॉर्न वाजवला. रेखानं पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली. मी बाकड्यावर बसले. दादा मला जागा द्यायला थोडे सरकले.

आम्ही दोघं गेटाकडे बघत बसलो. मग त्यांना माझी कीव आली असावी. त्यांनी हळूच विचारलं, "तुमचं कोन हाय इथं?"

"वडील," मी म्हणाले.

"मंग इथं काऊन बसल्या, बाई?" दादा म्हणाले. "आत जा न. भेटा त्यायले. वाट पाहून राह्यले असतीन."